पाचशे रुपयांचा इअरफोन: निम्मा आपला, निम्मा समोरच्याचा

‘पाचशे-सातशे रुपयांत माइकवाला चांगला इअरफोन मिळतो का?’ नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरच्या मोबाईलच्या दुकानांत हा प्रश्न रोज विचारला जातो. विचारणारे नाना तऱ्हेचे असतात. कुणाला ऑनलाइन मुलाखत द्यायची असते. कुणी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेला असतो आणि व्याख्यानं मोबाईलवरच ऐकतं. कुणी सातपूर-अंबडच्या कारखान्यात कामाला असतं आणि पाळी सुटल्यावर गावाकडे फोन लावतं. कुणी पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जाणारा पासधारक असतो. दुकानदार काउंटरवर चार खोकी मांडतो. चारींवर ‘एक्स्ट्रा बास’ छापलेलं असतं आणि चारींवर ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हेच आकडे असतात. मग निवड होते ती रंगावरून.

प्रश्नाचं सरळ उत्तर आहे: हो, मिळतो. या किमतीत ऐकायला बरा आवाज मिळणं आता अवघड राहिलेलं नाही. गडबड होते ती तीन ठिकाणी: कानातली बसणी, माइक आणि वायर. त्यातही माइकची पारख सगळ्यात कमी होते आणि त्याला कारण आहे. माइक बिघडलेला असला तरी आपल्याला काहीच कळत नाही; त्रास होतो तो पलीकडे ऐकणाऱ्याला. माइकवाला इअरफोन घेताना आपण निम्मी वस्तू स्वतःच्या कानासाठी घेतो आणि निम्मी दुसऱ्याच्या. पारखतो मात्र फक्त आपली निम्मी.

१. आत असतं तरी काय?

कानात जाणाऱ्या बोंडात एक छोटं चुंबक असतं, अत्यंत बारीक तारेचं वेटोळं असतं आणि त्या वेटोळ्याला चिकटवलेला प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. या सगळ्याला मिळून ‘ड्रायव्हर’ म्हणतात. मोबाईलमधून येणारी वीज वेटोळ्यातून कमी-जास्त होत वाहते, तसं चुंबक त्याला पुढे ढकलतं, मागे ओढतं. पडदा हलतो, त्यापुढची हवा हलते आणि आपल्याला ऐकू येतं. पडदा सेकंदाला १०० वेळा हलला तर तो १०० हर्ट्झचा स्वर, म्हणजे खर्जातला. सेकंदाला ५,००० वेळा हलला तर झांजेची किणकिण किंवा ‘स’चा सीत्कार.

माइकचं काम बरोबर उलटं. तिथे हवा पडद्याला हलवते आणि त्या हालण्यातून वीज कमी-जास्त होते. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी ‘इलेक्ट्रेट’ माइक तयार केला. यातला पडदा विद्युतभार कायमचा धरून ठेवतो, त्यामुळे भारित पडद्याच्या आधीच्या माइकना बाहेरून जो मोठा व्होल्टेज पुरवावा लागे, त्याची गरज उरली नाही. माइक चिमुकला झाला आणि कवडीमोल किमतीत बनू लागला. इअरफोनच्या वायरीवर मण्याएवढ्या डबीत बसवलेला माइक बहुतेक वेळा याच जातीचा असतो. अलीकडे सिलिकॉनच्या चिपवर कोरलेले माइकही सर्रास वापरले जातात.

ड्रायव्हर स्वस्त आणि माइकही स्वस्त, मग पाचशेच्या आणि पाच हजारांच्या इअरफोनमध्ये फरक कशाचा? २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकानं २८३ हेडफोन-इअरफोनची मोजमापं किमतीशी ताडून पाहिली. कोणता हेडफोन खर्ज, मधले आणि वरचे स्वर किती प्रमाणात वाजवतो, ते त्यानं तपासलं. किंमत आणि हे प्रमाण यांत संबंध आढळला नाही. महाग इअरफोन अधिक समतोल वाजतो, असं दिसलं नाही.

याचा अर्थ सगळे इअरफोन सारखेच असा घ्यायचा नाही. बसायला सोयीचा आहे का, किती टिकतो, माइक कसा आहे, या गोष्टी त्या मोजमापात नव्हत्या. किंमत खाली आणताना कात्री लागते ती बहुधा याच जागी: वायरीतलं तांबं, पिनेजवळचा रबरी गळा, आतले डाग म्हणजे सोल्डरिंग, माइक आणि डाव्या-उजव्या बोंडांची आपसातली जुळणी. स्वस्तात चांगलं शोधायचं तर नजर याच जागांवर ठेवायची.

२. आधी कानात नीट बसू दे

आपली कर्णनलिका साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती सरळ नसते, किंचित वळण घेत आत जाते. एकाच माणसाच्या दोन कानांचं मापही वेगळं असू शकतं. खोक्यात रबराचे तीन जोड मिळतात, लहान, मध्यम आणि मोठे, ते यासाठीच. बहुतेक लोक आधीपासून लावलेले मध्यम रबर तसेच ठेवतात आणि बाकीची पिशवी ड्रॉवरमध्ये जाते.

रबराचं काम नुसतं बोंड अडकवून ठेवण्याचं नाही. सायकलचा पंप घ्या. नळीच्या तोंडावर बोट दाबून दांडा ढकलला की आत दाब तयार होतो. बोट काढलं की तोच दांडा तितक्याच जोरानं ढकलला तरी हवा फुस्स करून निघून जाते. इअरफोनचा पडदा हा पंपाचा दांडा आहे आणि रबर हे बोट आहे. कान बंद असेल तर पडद्याच्या बारीकशा हालचालीनंही कानाच्या पडद्यावर दाब पडतो. फट राहिली तर खर्ज त्या फटीतून निघून जातो, कारण खर्जात पडदा सावकाश हलतो आणि हवेला पळायला वेळ मिळतो. वरचे स्वर तेवढे शिल्लक राहतात.

‘या इअरफोनला बास नाही, आवाज पत्र्यासारखा येतो,’ ही तक्रार पुष्कळदा इअरफोनची नसतेच, रबराच्या मापाची असते. खात्री करायची रीत सोपी आहे. एका हातानं कानाची पाळी वर आणि मागे ओढा, दुसऱ्या हातानं बोंड आत सरकवा आणि पाळी सोडा. आता काहीतरी बोला. स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला तर कान बंद झाला आहे. मग गाणं लावून बोंड बोटानं हलकेच आत दाबा. दाबल्यावर खर्ज एकदम वाढला तर रबर लहान पडतंय. पुढचं माप लावा. उजव्या कानाला मध्यम आणि डाव्याला मोठं लागलं तरी त्यात चूक काही नाही.

काहींना कानात खोल काही घातलेलं सहन होत नाही. अशांसाठी रबराशिवायचे, कानाच्या तोंडाशी टेकणारे इअरफोन असतात. त्यांत खर्ज कमी मिळतो आणि बाहेरचं सगळं ऐकू येतं. शांत घरात बसून व्याख्यान ऐकणाऱ्याला ते पुरतात, रेल्वेच्या डब्यात पुरत नाहीत.

३. खोक्यावरचे आकडे: कोणते वाचायचे, कोणते सोडायचे

२० ते २०,००० हर्ट्झ: हा आकडा सोडून द्या. निरोगी तरुण कानाची ऐकण्याची कक्षा साधारण एवढी असते, म्हणून तोच आकडा सगळे छापतात. इअरफोन त्या कक्षेतले स्वर एकमेकांच्या तुलनेत किती वाजवतो, हे त्यातून कळतच नाही. २० हर्ट्झचा स्वर अगदी क्षीण वाजला तरी ‘वाजतो’ म्हणायला जागा आहे. शिवाय वय वाढतं तशी आपल्या ऐकण्याची वरची मर्यादा खाली येत जाते.

ड्रायव्हरचं माप: साधारण ६ ते १४ मिलिमीटर. बोटचा बासहेड्स १०० आपला ड्रायव्हर १० मिलिमीटरचा सांगतो आणि रियलमीचा बड्स २ हा ११.२ मिलिमीटरचा. मोठा पडदा जास्त हवा हलवू शकतो हे खरं आहे, पण बोंडाची घडण, मागचं छिद्र आणि रबराची बसणी यांचा परिणाम त्याहून मोठा असतो. एक-दोन मिलिमीटरसाठी जादा पैसे मोजू नयेत.

ओहम: विजेला होणारा अडथळा. मोबाईलसाठी १६ ते ३२ ओहम ठीक, आणि या किमतीतले बहुतेक इअरफोन त्यातच बसतात.

संवेदनशीलता: एवढ्याशा विजेत किती मोठा आवाज निघतो, ते डेसिबलमध्ये दिलेलं असतं. डेसिबलचा हिशेब एका वाक्यात मावतो. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वीज लागते आणि १० डेसिबल वाढवायला दसपट. एखाद्या इअरफोनवर ‘एक मिलिवॉटला १०० डेसिबल’ लिहिलेलं आहे असं धरू. तोच इअरफोन मिलिवॉटच्या दहाव्या भागात ९० डेसिबल देईल आणि ९० डेसिबलही रोज ऐकायला फारच मोठा आवाज आहे. म्हणजे कोणताही साधा मोबाईल त्याला सहज वाजवतो. इथे एक मेख आहे. काही खोक्यांवर हे माप एका मिलिवॉटला दिलेलं असतं, काहींवर एका व्होल्टला. १६ ओहमचा एकच इअरफोन पहिल्या मापात १०० डेसिबलचा दिसेल, तर दुसऱ्या मापात ११८चा. त्यामुळे दोन खोकी शेजारी ठेवताना आकड्यापुढे काय लिहिलं आहे तेही वाचायचं.

खोक्यावर ठळकपणे नसलेल्या दोन गोष्टी जास्त कामाच्या आहेत. वायरीची लांबी १.२ मीटरच्या आसपास हवी. आणि माइक वायरीवर नेमका कुठे आहे ते पाहायचं. त्यासाठी पुढचा मुद्दा.

४. माइक: ज्याची परीक्षा दुसऱ्यानं घ्यायची

लासलगावच्या कांदा बाजारातून एखादा शेतकरी घरी फोन करून भाव सांगतो आहे, असं समजा. मागे लिलावाचा पुकारा, ट्रॅक्टरचा आवाज, वारा. पलीकडच्याला त्याचं बोलणं कितपत समजेल, हे माइक किती महाग आहे यापेक्षा तो तोंडापासून किती लांब आहे यावर ठरतं.

ढोबळ नियम असा: अंतर निम्मं झालं की बोलण्याचा आवाज ६ डेसिबलनं वाढतो. साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतं. ५० सेंटिमीटरवर ते ६६ होईल, २५ सेंटिमीटरवर ७२, साडेबारावर ७८ आणि सहा सेंटिमीटरवर ८४. बाजाराचा गोंगाट सगळीकडून येतो, त्यामुळे माइक कुठेही धरला तरी तो तेवढाच राहतो. तो ७५ डेसिबल धरू.

आता वजाबाकी करा. दोन वायरी जिथे जुळतात त्या जोडावर, छातीशी लोंबणारा माइक तोंडापासून २५ सेंटिमीटरवर असेल. तिथे बोलणं ७२ आणि गोंगाट ७५. शब्द गोंगाटाखाली गेले. एका कानाच्या वायरीवर, जबड्याच्या खाली असलेला माइक साडेबारा सेंटिमीटरवर येईल: बोलणं तीन डेसिबलनं वर. तोच हातात धरून ओठांच्या बाजूला आणला तर नऊ डेसिबलनं वर. माइकची डबी दोन बोटांत धरून बोलणारी माणसं सगळीकडे दिसतात. त्यांनी हा नियम अनुभवानं शोधलेला आहे.

म्हणून घेताना माइक एका कानाच्या वायरीवर, वरच्या बाजूला असलेला इअरफोन निवडा. तो तोंडाजवळ धरताना ओठांच्या थेट समोर नको, किंचित बाजूला हवा. मराठीत फ, भ, ख, घ असे श्वासाचा झोत सोडणारे वर्ण भरपूर आहेत. ‘भाऊ, फोन ठेवू नको’ एवढं बोलतानाही तीनदा झोत जातो आणि माइक समोर असेल तर पलीकडे नुसते ‘भप्प-फप्प’ धक्के पोचतात. शर्टाच्या कॉलरवर घासणारी डबी तर माइक कितीही चांगला असला तरी खरखरच पाठवते. तेवढ्यासाठी काही इअरफोनना कपड्याला लावायची क्लिप असते. ती असेल तर अवश्य वापरा.

आणखी एक अडचण माइकची नसून फोनच्या जाळ्याची असते. जुन्या टेलिफोन यंत्रणेतून फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झपर्यंतचे स्वर जात. स, श आणि त, ठ या व्यंजनांना ओळख देणारा बराचसा भाग याच्या वर असतो. म्हणून फोनवर ‘सात की साठ?’ असं पुन्हा विचारावं लागे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली ती पूर्णपणे ४जी जाळ्यावर, आणि त्यानंतर ‘व्होल्टी’ पद्धतीचे कॉल भारतात सर्वत्र पसरले. त्यात साधारण ७,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जाऊ शकतो. आता जाळं पूर्वीइतकं अडवत नाही, त्यामुळे माइकची खोट आधी लपायची ती आज उघड ऐकू येते.

५. पिनेवरची वलयं मोजा

३.५ मिलिमीटरची गोल पिन ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर जी जाड पिन खोचत असत, तिची धाकटी पिढी. तिच्यावर प्लॅस्टिकची बारीक वलयं असतात. दोन वलयं असतील तर पिनेचे तीन भाग होतात: डावा कान, उजवा कान आणि परतीची तार. म्हणजे माइक नाही. तीन वलयं असतील तर चार भाग होतात आणि चौथा माइकचा. खोकं न वाचताही एवढं दुकानात दिसतं.

परतीची तार आणि माइक यांची जागा पूर्वी काही कंपन्या उलटी ठेवत. आता बहुतेकांनी एकच क्रम धरला आहे, पण जुना फोन आणि नवा इअरफोन यांची जोडी जमली नाही तर एक चमत्कारिक गोष्ट घडते: वाद्यं दुरून ऐकू येतात आणि गायक गायब होतो. पिन पूर्ण आत गेली नसेल किंवा परतीची तार तुटली असेल तरी हेच होतं. कारण असं की गायकाचा आवाज दोन्ही कानांत सारखा पाठवलेला असतो. परतीची वाट बंद झाली की दोन्ही कानांच्या वीजप्रवाहांतला फक्त फरक वाजतो आणि जे सारखं आहे ते वजा होऊन जातं. असा अनुभव आला तर इअरफोन टाकून देण्याआधी पिनेचं भोक साफ करा आणि पिन टक् आवाज येईपर्यंत आत खोचून बघा.

लॅपटॉपला माइक आणि इअरफोनची वेगवेगळी भोकं असतील तर दोन टोकांचा स्प्लिटर लागतो. हल्लीच्या अनेक मोबाईलना गोल भोकच नसतं. ॲपलनं २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ते काढलं, त्यानंतर इतरांनीही ती वाट धरली. अशा फोनसाठी सी-टाईप पिनेचा इअरफोन किंवा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. फोनमधली आकड्यांच्या रूपातली माहिती आवाजात बदलणारी चिप ज्या कन्व्हर्टरमध्ये असते, तो बहुतेक फोनवर चालतो. काही स्वस्त कन्व्हर्टरमध्ये चिप नसते, नुसती वायर असते. तो काही ठरावीक फोनवरच चालतो. म्हणून सी-टाईपची कोणतीही वस्तू स्वतःच्या फोनला लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

६. वायरवाला की ब्लूटूथ?

हजाराच्या आत आता ब्लूटूथ इअरबड्स आणि नेकबँडही मिळतात. वायर अडकत नाही, व्यायाम करताना बरं पडतं. पण त्याच पैशांत बॅटरी, रेडिओ चिप आणि चार्जिंगची डबी हे सगळं बसवायचं असतं, त्यामुळे ड्रायव्हर आणि माइकच्या वाट्याला कमी येतं.

अनेकांना पडणारा प्रश्न असा: गाणं छान वाजत असतं, मग ऑनलाइन मीटिंग सुरू झाली की त्याच इअरबड्समध्ये आवाज एकदम बसका का होतो? ब्लूटूथ दोन वेगळ्या रीतींनी चालतं. एका रीतीत आवाज फक्त फोनकडून कानाकडे येतो आणि सगळी जागा त्यालाच मिळते. माइक सुरू झाला की दुसरी रीत लागू होते, ज्यात आवाज दोन्ही दिशांनी जातो आणि वाट अरुंद होते. जुन्या प्रकारात साधारण ४,००० हर्ट्झच्या वरचं काही जातच नाही, सुधारित प्रकारात ८,०००पर्यंत जातं. वायरीत ही अडचण नाही.

इथे दोन सारखी दिसणारी अक्षरं फसवतात. ‘एएनसी’ म्हणजे बाहेरचा गोंगाट तुमच्या कानात कमी करणं. ‘ईएनसी’ म्हणजे तुमच्यामागचा गोंगाट समोरच्याच्या कानात कमी करणं. स्वस्त इअरबड्सवर बहुधा दुसरं लिहिलेलं असतं आणि घेणारा पहिलं समजून घेतो.

ब्लूटूथच घ्यायचं असेल तर खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. वायरलेस इअरफोनना ही नोंदणी सक्तीची आहे आणि क्रमांक खरा आहे का ते ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तपासता येतं. घामासाठी ‘आयपीएक्स४’ ही खूण पुरते: कोणत्याही बाजूनं उडालेले शिंतोडे चालतील, बुडवणं चालणार नाही.

हिशेबही मांडून बघा. समजा पाचशेचा वायरवाला इअरफोन दीड वर्ष चालला आणि बाराशेचे इअरबड्स बॅटरी दमेपर्यंत दोन वर्षं. पहिल्याचा महिन्याचा खर्च अठ्ठावीस रुपयांच्या आसपास, दुसऱ्याचा पन्नास. सोयीसाठी तो फरक मोजायला हरकत नाही, पण आवाजासाठी मोजतो आहोत असं समजू नये.

७. दुकानात पाच मिनिटं

चारशे ते हजाराच्या पट्ट्यात जेबीएल, बोट, रियलमी, सोनी अशा कंपन्यांची मॉडेलं वर्षानुवर्षं विकली गेली आहेत. नावापेक्षा खालची तपासणी जास्त उपयोगी.

पहिलं, रबराची बसणी, वर सांगितली तशी. काही दुकानदार स्वच्छतेसाठी नवा जोड कानात घालू देत नाहीत, आणि ते रास्तच आहे. नमुन्याचा जोड मागा किंवा स्वतःची रबरं खिशात घेऊन जा.

दुसरं, डावा-उजवा. बोललेलं काहीतरी लावा, बातम्या चालतील. निवेदकाचा आवाज दोन कानांच्या बरोबर मधोमध यायला हवा. एका बाजूला सरकला तर दोन बोंडांची जुळणी नीट नाही.

तिसरं, गाणं. ढोलताशाचं गाणं सगळ्याच इअरफोनवर दणकेबाज वाजतं, त्यातून काही ठरत नाही. नाशिकमध्ये जन्मलेल्या द. वि. पलुस्करांचं (१९२१–१९५५) एखादं भजन लावून बघा. ध्वनिमुद्रण जुनं आहे, त्यात खोल खर्ज नाही, पण गळ्यातली बारीक हरकत आणि मागचा तंबोरा आहे. बास फुगवलेल्या इअरफोनमध्ये गळा घोंगडीखाली गेल्यागत वाटतो आणि तंबोरा हरवतो. व्याख्यानं, कीर्तन, बातम्या, म्हणजे मुख्यतः माणसाचा आवाज ऐकणाऱ्यानं असा इअरफोन टाळावा.

चौथं, माइक. फोनच्या रेकॉर्डरमध्ये दहा सेकंद बोला: ‘सात, साठ, शहात्तर, फाटक, भाकरी.’ ऐका. मग दुकानाच्या दारात, रस्त्याच्या आवाजात उभं राहून घरी फोन लावा आणि पलीकडच्याला तेच शब्द ओळखायला सांगा. ‘ऐकू येतंय का?’ असं विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. शब्द परत म्हणायला लावले की खरं कळतं.

पाचवं, वायर. गाणं चालू असताना पिनेजवळ, जोडाजवळ आणि बोंडाजवळ वायर हलकेच वाकवा. खरखर आली किंवा एक बाजू गेली तर तो तुकडा नको. पिनेजवळचा रबरी गळा लांब आणि लवचीक असेल तर उत्तम. एल आकाराची पिन खिशातला ताण आणखी चांगला सोसते.

आणि बिल घ्या. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार खोक्यावर एमआरपी, महिना-वर्ष, उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि ग्राहकांसाठी संपर्क छापलेला असायला हवा. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर यातलं काहीतरी पुष्कळदा गायब असतं. वॉरंटी नाकारली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

८. किती मोठ्यानं आणि किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये सुरक्षित ऐकण्याचं एक मानक दिलं: मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. लहान मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५ डेसिबल. आवाज ३ डेसिबलनं वाढवला की वेळ निम्मा करायचा.

पंचवटी एक्स्प्रेसचा पासधारक घेऊ. नाशिकरोड ते मुंबई एका बाजूला साडेतीन तासांच्या आसपास. जाऊन-येऊन सात तास, आठवड्याचे पाच दिवस, एकूण ३५ तास. वाटभर इअरफोन लावला तर ८० डेसिबलवर आठवड्याचा कोटा जवळपास प्रवासातच संपतो. ८३ वर नेला तर २० तास मिळतात: सोमवारी सुरू केलेलं बुधवारी संध्याकाळी परतताना संपलं. ८६ वर दहाच तास, म्हणजे मंगळवारची सकाळची गाडी मुंबईला पोचेस्तोवरच. ८९ वर पाच तास: सोमवारी परतीच्या वाटेतच खेळ आटोपला.

डब्यातला खडखडाट दाबायला आपण आवाज वाढवतो, आणि बसणी ढिली असेल तर आणखी वाढवतो. नीट बसलेलं रबर बाहेरचा आवाज अडवतं, त्यामुळे कमी आवाजात भागतं. दुसऱ्या मुद्द्यात सांगितलेली रबराची बसणी कानाच्या आरोग्यासाठीही तेवढीच महत्त्वाची आहे. बाहेरचा आवाज बंद करणारी हीच गोष्ट रस्त्यावर मात्र घातक ठरते: दुचाकीवर, रस्ता किंवा रूळ ओलांडताना इअरफोन खिशात ठेवायचा. कानात रात्रभर सतत गुंजन होत असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाणं लांबवू नये.

९. मग कोणी काय घ्यावं?

मुलाखत, ऑनलाइन वर्ग, दिवसभर कॉल: वायरवाला, माइक एका कानाच्या वायरीवर उंच असलेला, माणसाचा आवाज स्वच्छ देणारा. पैसे ‘एक्स्ट्रा बास’वर घालवू नका. रोजचा रेल्वे प्रवास: रबर घट्ट बसणारा, एल पिनेचा. बाजार, शेत, कारखान्याचं आवार: वायरवाला आणि क्लिप असलेला, बोलताना डबी ओठांच्या बाजूला. व्यायाम आणि चालणं: ब्लूटूथ, आर-क्रमांक आणि आयपीएक्स४ बघून. घरातल्या वयस्कांसाठी: ज्याचं बटण बोटाला सहज लागतं आणि ज्यात रबर बदलणं सोपं आहे, असा.

टिकवायचं तर तीन सवयी पुरतात. इअरफोन काढताना वायरीला नाही, पिनेला आणि बोंडाला धरून ओढा, आणि मोबाईलभोवती आवळून गुंडाळू नका. सैल वेटोळं करा. आठवड्यातून एकदा रबर काढून कोमट साबणपाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा आणि बोंडावरची जाळी कोरड्या मऊ ब्रशनं झटका. मळानं जाळी बुजली की एका कानाचा आवाज हळूहळू कमी होतो आणि आपण इअरफोन बिघडला म्हणून नवा घ्यायला निघतो.

हजार रुपये हातात असतील तर ते सगळे एका खोक्यावर खर्च करायची गरज नाही. सहाशे-सातशेचा इअरफोन घ्या आणि उरलेल्यातून आपल्या मापाच्या रबरांचे दोन जादा जोड. पहिला कॉल दुकानाच्या दारातूनच करा, म्हणजे पलीकडच्यानं नापास केला तर बदलून घ्यायला दुकान समोरच असेल.